मिरचीच्या पानांवरचे ठिपके

४ फेब्रुवारी

रोपांचं सामान विकणारा दुकानदार म्हणाला, "काका, रोज लिहून ठेवत जा. काय घातलं, किती घातलं, पान कसं दिसलं. मागे वळून पाहिलं की आपलं आपल्यालाच कळतं काय चुकतंय." म्हणून आज लिहायला बसलो. मला लिहायची सवय नाही. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे नंबर लिहितो, तेवढंच.

तर मागच्या खोलीत मांडणीवर मिरचीची सहा रोपं आहेत. माती नाही. जाळीच्या कपांत रोपं, खाली नळ्या, आणि नळ्यांतून खताचं पाणी फिरतं. ते टाकीतून येतं आणि टाकीतच परत जातं. वर दिवे आहेत, ते आपोआप लागतात आणि विझतात. हे सगळं मुलाने उभं केलं. दवाखान्यात भरती व्हायच्या आधी त्याने ही मिरची पेरली. बी संपलं होतं, पाकीटही फेकून दिलं असावं, ही जात कुठली ते आता सांगता येणार नाही. तो गेला तेव्हा रोपं बोटभर होती. आता माझ्या गुडघ्याला लागतात.

आज खालच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसले. शिरा हिरव्या, शिरांमधला भाग पिवळा. संध्याकाळी कामावरून आल्यावर नेहमीप्रमाणे खताच्या ए बाटलीतलं एक झाकण आणि बी बाटलीतलं एक झाकण टाकीत घातलं. पाणी कमी झालं होतं तेवढं भरलं.

६ फेब्रुवारी

दुकानातलं भिंग घरी आणलं. पानं उलटीसुलटी करून पाहिली. किडे नाहीत, जाळी नाही, अंडी नाहीत. बुरशी असती तर ठिपक्याभोवती पिवळी कड दिसली असती, डाग ओलसर असता आणि रोज पसरला असता असं दुकानदाराने सांगितलं होतं. हे डाग कोरडे आहेत. बोट लावलं तर कागदासारखे वाजतात.

म्हणजे रोग नाही, उपासमार आहे. मी कमी घालतो आहे बहुतेक. आजपासून दीड झाकण.

दवाखान्यात एकदा सूनबाई औषधं आणायला खाली गेली होती, तेव्हा मुलगा मला म्हणाला, "बाबा, टाकी तुमच्याकडे." एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला ते सगळं सलाइन, उशी, पंखा याबद्दल होतं. त्यामुळे मला ते शेवटचं सांगणं वाटतं.

९ फेब्रुवारी

एक पान तोडून दुकानदाराला दाखवलं. मुलगा याला 'डॉक्टर' म्हणायचा आणि याला ते आवडायचं. पान उजेडाकडे धरून म्हणाला, "मॅग्नेशियम! शंभर टक्के."

"नक्की?"

"काका, तुम्ही डोळे बघता, मी पानं बघतो. जुनी पानं आधी पिवळी पडली ना? शिरा हिरव्या राहिल्या ना? मग." एक पुडी काढून दिली. "हे एप्सम सॉल्ट. चिमूटभर घाला आणि माझं नाव घ्या."

निघताना म्हणाला, "तुमचा मुलगा यायचा ना, तो माझ्या अर्ध्या बाटल्या परत करायचा. म्हणायचा, डॉक्टर, तुझी औषधं जास्त आणि रोगी कमी." मग तो पुडीचे पैसे घेईना. मी गल्ल्यावर ठेवून आलो.

१२ फेब्रुवारी

काही फरक नाही. आता वरच्या कोवळ्या पानांच्या कडाही चुरगळल्यासारख्या झाल्या आहेत. टोकं जळलेली.

खोलीत फरशीवर पाण्याचे थेंब होते. पंप गळतो आहे का बघायला हवं.

जेवताना सूनबाईने तलावावरची गंमत सांगितली. ती लहान मुलांना पोहायला शिकवते. तलाव पहाटे उघडतो, मी उठतो तेव्हा ती गेलेली असते, माझा चहा ओट्यावर झाकलेला असतो. तर एक मुलगी रोज काठावर बसून रडते आणि म्हणते, आज माझ्या पायांना सुट्टी आहे. मी हसलो. मग ताटात बघून जेवू लागलो. तीही ताटाकडे बघत राहिली. पूर्वी मधे तो असायचा. दोघांच्याही गोष्टी त्याच्याकडेच जायच्या आणि तो इकडचं तिकडे करायचा.

मागच्या खोलीकडे ती बघतही नाही. संध्याकाळी मी तिथे बसलो की स्वयंपाकघरातला दिवा लावून आतच राहते. तिला ती खोली नकोशी होत असणार. साहजिक आहे.

१५ फेब्रुवारी

डॉक्टरचं म्हणणं आता कॅल्शियम. "कोवळी पानं बिघडली ना? मग ती वेगळीच गोष्ट." दुसरी बाटली. मी विचारलं, "एकाच झाडाला दोन्ही कमी?" तो म्हणाला, "काका, माणसाला एकाच वेळी सर्दी आणि पाठदुखी होत नाही का?"

मग म्हणाला, "पण आधी मीटर लावून बघा. मुलाकडे होता." मला आठवलं. पेनासारखा मीटर आहे. पाण्यात बुडवला की खत किती विरघळलंय ते सांगतो. कपाटात सापडला. मिरचीला आकडा दोनच्या आसपास लागतो. आला तीन पॉइंट आठ.

मीटर बिघडला असणार. मी दीड झाकण घालतो, त्यात एवढा आकडा येणं शक्य नाही.

१६ फेब्रुवारी

मीटर तपासायला ठरलेल्या आकड्याचं पाणी मिळतं, ते आणलं. त्यात मीटरने बरोबर आकडा दाखवला. दोनदा करून पाहिलं.

मीटर ठीक आहे. मग टाकीत खरंच एवढं खत आहे. मी सारखा उलटा विचार करत होतो, झाडं उपाशी नाहीत, त्यांना अति झालं आहे. पण मी अति घातलेलं नाही. आजपासून परत एकच झाकण.

१९ फेब्रुवारी

आकडा चार. मी कमी केलं आणि तो वाढला.

बाटल्यांवर पेनाने रेघ मारली.

२० फेब्रुवारी

रेघेपासून खत बरंच खाली गेलं आहे. एका झाकणाने एवढं जात नाही. शिवाय ए बाटलीचं झाकण इतकं घट्ट लागलं होतं की मला फडक्याने धरून फिरवावं लागलं. मी एवढं घट्ट लावत नाही.

की लावतो?

हे लिहायचं नव्हतं, पण डॉक्टर म्हणतो लिहा. मला वाटतं मी खत घालतो आणि विसरतो. मग पुन्हा घालतो. वहीत एकदाच लिहिलेलं असतं, पण लिहायचंही विसरत असेन.

माझे वडील साठीनंतर असेच सुरू झाले. आधी किल्ल्या, मग गॅस, मग मी. शेवटी मला 'साहेब' म्हणायचे आणि बसायला खुर्ची द्यायचे. आई त्यांच्यामागे झिजून गेली. मी तेव्हा लग्नाचा होतो, मला सगळं आठवतं.

२१ फेब्रुवारी

दुकानात एका बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. मालकीणबाई म्हणाल्या, "काका, होतं असं. चार दिवस घरी बसा हवं तर." इतक्या वर्षांत माझ्याकडून हे झालेलं नाही. घरी बसून काय करू.

कोणाला सांगितलेलं नाही. सूनबाईला तर मुळीच नाही. तिने आत्ताच एका माणसाच्या उशाशी बसून सगळं केलं. परत तेच तिच्या गळ्यात घालायचं नाही.

२४ फेब्रुवारी

विहीणबाई आल्या. सूनबाई तलावावर होती. दारातूनच म्हणाल्या, "व्याहीबुवा, वाळलात की तुम्ही! आरशात बघता का कधी, का फक्त दुसऱ्यांना चष्मे देता?" मागच्या खोलीत डोकावल्या. "आणि ही झाडंही तुमच्यावरच गेलीत."

चहा झाल्यावर सूर बदलला. म्हणाल्या, "स्पष्ट बोलते. तिला माझ्याकडे नेते म्हणते. आमच्याकडच्या तलावावर शिकवायला बाई हवी आहे, मी बोलून ठेवलंय. पण ती ऐकेल तर शपथ. म्हणते, बाबा एकटे पडतील. किती दिवस पडतील एकटे, पडू देत की! तिचं वय काय आहे? राग मानू नका."

"राग कसला."

"तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. माझं ती लहानपणापासून ऐकत नाही."

मी म्हटलं, विचार करतो.

म्हणजे ती माझ्यासाठी अडकली आहे. आणि मी असा होत चाललोय.

२५ फेब्रुवारी

एक उपाय केला. ए, बी, कॅल्शियम, एप्सम सॉल्ट, सगळं पिशवीत घालून चष्म्याच्या दुकानात नेऊन ठेवलं. माझ्या खणात कुलूप लावून. घरी काही नसलं तर विसरून घालणार कसा? आता आकडा वाढला नाही तर समजायचं की घालणारा मीच होतो.

मालकीणबाईंनी विचारलं, "काका, हे काय? शेती इथे हलवताय?"

२७ फेब्रुवारी

आकडा वाढला नाही. साधं पाणी भरत गेलो तसा थोडा उतरलाच.

मीच होतो तर.

एक रोप मलूल झालं आहे. पाण्यात मुळं बुडालेली आणि पानं तहानल्यासारखी लोंबतात. संध्याकाळपर्यंत सावरेल म्हटलं, सावरलं नाही.

२८ फेब्रुवारी

आज संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. मी म्हटलं, "घेऊन जा तिला. तिचं आता इथे काही राहिलेलं नाही." त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं तुम्ही भांडाल माझ्याशी." मी म्हटलं, "नाही. लवकर न्या."

फोन ठेवून वळलो तर सूनबाई स्वयंपाकघरात भांडी लावत होती. जेवताना काही बोलली नाही. ती दमलेली असते.

२ मार्च

सूनबाई म्हणाली, "आईकडचा तलाव आहे ना, त्यांना मी हो कळवलंय." मी म्हटलं, "बरं झालं." ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटेल असं वाटलंच होतं." आणि हसली. चांगलं झालं. आईने समजावलं असेल.

मला आनंद व्हायला हवा होता.

३ मार्च

हे नीट लिहून काढतो.

संध्याकाळी सवयीने मीटर लावला. आकडा वर गेला होता. बाटल्या दुकानात, खणात, कुलपात. किल्ली माझ्या खिशात. मी खिसा तीनदा चाचपला. मग मनात आलं, मी दुकानात जाऊन बाटल्या आणल्या, घातलं, परत नेऊन ठेवलं आणि हे सगळं विसरलो?

तसाच डॉक्टरकडे गेलो. त्याला विचारलं, खत न घालता आकडा वाढतो का. तो म्हणाला, "थोडा वाढेल, झाड पाणी जास्त पीत असेल तर. पण एवढा नाही." मग म्हणाला, "आणि न घालता कसं म्हणता? परवाच सूनबाई नवीन जोडी घेऊन गेल्या की. ए आणि बी. म्हणाल्या, घरातल्या दिसत नाहीत, संपल्या असतील."

मी म्हटलं, "कोण?"

"काका, तुमची सून. तुमची एकच सून आहे ना?" मग माझ्याकडे बघून त्याने स्टूल पुढे केलं.

घरी आलो. ती तलावाचे टॉवेल वाळत घालत होती. मी विचारलं, "तू टाकीत खत घालतेस?"

ती दचकली. म्हणाली, "हो. सकाळी, निघायच्या आधी."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. का? तुम्हाला नको होतं का? मला वाटलंच, बाटल्या तुम्ही उचलून ठेवल्यात म्हणजे…"

"मी संध्याकाळी घालतो."

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "तुम्ही? तुम्ही तर नुसते बसता तिथे."

"बसतो. आणि घालतो."

"अहो, पण मी रोज दोन-दोन झाकणं घालते! आधी एक घालायचे. पानं पिवळी पडायला लागली, म्हटलं कमी पडतंय."

"मीही तेच म्हटलं."

ती खाली बसली. म्हणाली, "त्यांनी सांगितलं होतं मला. दवाखान्यात. म्हणाले, टाकी तुझ्याकडे."

मी म्हटलं, "मला म्हणाला, बाबा, टाकी तुमच्याकडे."

"कधी?"

"तू औषधं आणायला गेली होतीस."

"मला तुम्ही जेवायला घरी गेला होतात तेव्हा."

तो औषधांच्या गुंगीत होता म्हणून दोघांना सांगितलं, की ठरवून सांगितलं, ते आम्हाला ठरवता येईना. ती म्हणाली, ठरवूनच असेल. मला तसं नक्की म्हणवत नाही.

मग मी तिला विसरण्याचं सांगितलं. बाटल्यांवरच्या रेघा, कुलूप, सगळं. ती आधी हसायला लागली, "बाबा, तुम्ही स्वतःवर पाळत ठेवलीत?" आणि हसताहसताच रडली. तो गेल्यापासून तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. टॉवेल तोंडाला लावला होता तिने. मला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. मी पाणी आणून दिलं.

४ मार्च

तिने सुट्टी घेतली, मीही. टाकी उपसली. बादल्या भरभरून न्हाणीघरात ओतल्या. तळाशी मिठासारखा पांढरा थर होता, तो तिने घासून काढला. मला म्हणाली, "तुम्ही बाजूला व्हा, घसराल." नळ्या धुतल्या, साधं पाणी भरलं.

डॉक्टर स्वतः बघायला आला. मुळं उचलून पाहिली. मलूल झालेलं रोप काढून टाकलं, त्याची मुळं तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती. म्हणाला, "बाकीच्यांचं सांगत नाही, बघू. पाण्यात एवढा खारटपणा झाला की मुळांना पाणीच ओढता येत नाही. आणि एका खताची गर्दी झाली की दुसऱ्याला आत शिरायला जागा नाही. म्हणून पानावर दिसतं कमी, आणि टाकीत असतं जास्त." मग ओशाळून म्हणाला, "मीही दोन औषधं विकली त्यात."

सूनबाई म्हणाली, "दोन नाही, चार. मलाही दिलीत तुम्ही."

मी विचारलं, डाग जातील का. तो म्हणाला, जळलेलं पान परत हिरवं होत नाही. पण उरलेला भाग हिरवा आहे तोवर पान तोडू नका, झाडाला त्याचा आधार असतो.

६ मार्च

मला तिला सांगायचं आहे की जाऊ नको. विहीणबाईंना मी जे म्हणालो ते तिने ऐकलं होतं हे आता कळतं. तिने विषय काढलेला नाही. उद्या बोलतो.

७ मार्च

बोललो नाही. पाहुण्यांसारखे वागतोय दोघं. तिने माझे दोन शर्ट इस्त्री केले, मी तिची बॅग दुरुस्त करून आणली. बॅग कशाला दुरुस्त केली मी?

९ मार्च

आज दोघं मांडणीपाशी होतो. आकडा दीडच्या खालीच आहे, पानं जराशी उचलली आहेत. ती आनंदाने "बाबा, बघा ना!" म्हणाली, तेवढ्यात मी म्हणून टाकलं, "राहा. जाऊ नको. मी तुझ्या आईला जे म्हटलं ते तुला न विचारता म्हटलं. आणि खरंही नव्हतं. इथे तुझं सगळं आहे."

ती बराच वेळ कपातलं रोप सरळ करत राहिली. म्हणाली, "त्या दिवशी ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाबांना मी नको झाले. नुसतं ओझं आहे मी यांना."

"नाही गं."

"आता कळलं. पण बाबा, खरं सांगू? रागावू नका."

"सांग."

"दोन दिवस रडले मी. आणि तिसऱ्या दिवशी बसमध्ये बसल्यावर मनात आलं, म्हणजे जाता येईल. त्याआधी हा विचार मी स्वतःला करूच दिला नव्हता. तुमचं कसं होईल, एवढंच. पण इथे मला झोप लागत नाही. त्या बाजूला हात जातो. तलावावर पाण्यात उतरले की तेवढं बरं वाटतं, आणि बाहेर आले की परत तेच. तुम्ही ते म्हणाला नसतात तर मी राहिले असते, कायमची. आणि कधी बोललेही नसते."

मी मीटर पुसून खोक्यात ठेवला.

ती म्हणाली, "आता राहा म्हणू नका. तुम्ही म्हणालात तर राहीन मी."

मी 'राहा' पुन्हा म्हटलं नाही.

१४ मार्च

सूनबाई गेली. विहीणबाई गाडी घेऊन आल्या होत्या. मला म्हणाल्या, "व्याहीबुवा, जेवणाचे नखरे करू नका आणि महिन्यातून एकदा या. आम्ही चावत नाही." सूनबाईने वाकून मीटर पाहिला, एक पॉइंट सहा. म्हणाली, "एवढाच ठेवा." गाडीत बसताना तिने माझा हात धरला होता, तो विहीणबाईंनी दार लावायला घेतलं तेव्हा सोडला.

एक रोप तिला देऊ केलं होतं. नको म्हणाली. प्रवासात मोडेल म्हणाली.

१५ मार्च

चहा स्वतः केला. दोन कप झाला.

२२ मार्च

फोन रोज असतो, मी दुकानात जायच्या आधी. तिच्या वेळेचं खत आता मीच घालतो, म्हणून "सकाळचं झालं का?" असं विचारते. मी म्हणतो झालं. मग आकडा सांगतो. मग ती तलावाचं सांगते. तिथेही एक काठावर बसून रडणारा मुलगा मिळाला आहे तिला. काल म्हणाली, रात्रभर झोपले बाबा, मधे उठले नाही. मी म्हटलं, चांगलं झालं. खरंच चांगलं झालं.

अजून एक रोप गेलं. ते तिला सांगितलं नाही.

५ एप्रिल

चार रोपं आहेत. शेंड्याला आलेली नवीन पानं स्वच्छ आहेत, भिंगाने पाहिली. खालची डागाळलेली तशीच आहेत. ती तोडलेली नाहीत.

मालकीणबाईंनी आज दोन चष्मे माझ्याकडून परत तपासून घेतले. दोन्ही बरोबर होते. मी विसरत नाही. खात्री करून घ्यायला परवा सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर न बघता आठवून पाहिले. आठवले. याचाही फारसा आनंद झाला नाही. विसरत असतो तर तिला जाऊ दिलं ते योग्यच होतं असं तरी म्हणता आलं असतं.

१३ एप्रिल

या आठवड्यात एकदाच फोन आला. मुलांच्या स्पर्धा आहेत म्हणे. मागे पाण्याचा आवाज आणि शिट्ट्या ऐकू येत होत्या. कोणीतरी तिला हाक मारली, ती त्याला "आले, आले" म्हणाली, आणि तिचा आवाज पूर्वीसारखा होता. तो असताना स्वयंपाकघरातून "आले, आले" म्हणायची तसा. मला म्हणाली, "बाबा, सकाळचं…" मी म्हटलं, "झालं. जा तू."

१९ एप्रिल

डॉक्टरकडे बाटल्या आणायला गेलो. त्याने विचारलं, आता कसं घालता? मी म्हटलं, सकाळी अर्धं झाकण, संध्याकाळी अर्धं.

तो म्हणाला, "काका, कशाला एवढा खटाटोप? एकदाच घाला की. झाडाला काय कळतंय सकाळचं कोणतं आणि संध्याकाळचं कोणतं."

मी म्हटलं, हो, ते खरं.

घरी आलो. आकडा एक पॉइंट आठ. संध्याकाळचं अर्धं झाकण घातलं. दिवे विझेपर्यंत बसलो. उद्या लवकर उठायचं आहे.